सुटकेनंतरचे आठ दिवस

इतिहास शिकवताना आम्ही प्राध्यापक मंडळी सुटकेची तारीख फळ्यावर लिहितो आणि खडू खाली ठेवतो. अमुक साली अटक, अमुक साली सुटका. त्यापुढे धडा संपतो. सुटलेला माणूस त्या दिवशी संध्याकाळी कुठे जेवला, रात्री कुठे झोपला, दुसऱ्या दिवशी त्याला काम कोणी दिले, हे विचारण्याची आमच्या विषयात पद्धत नाही. मोठ्या पुढाऱ्याच्या बाबतीत ते विचारावे लागत नाही, कारण त्याच्यासाठी स्टेशनावर हार घेऊन माणसे उभी असतात. पण ज्याच्यासाठी कोणीच उभे नसते त्याचा इतिहास त्या तारखेनंतरच सुरू होतो. हे मला पुस्तकाने शिकवले नाही. माझ्या मामाने शिकवले.

मामाचे गाव लोहाऱ्याच्या टापूतले. नाव लिहीत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आष्टामोडला उतरायचे आणि तिथून आत जायचे, एवढे सांगितले म्हणजे या भागातल्या वाचकाला पुरे. २००४ च्या पोळ्याच्या सुमारास विहिरीवरची मोटार चोरीला गेली. संशयावरून मांगवाड्यातली तीन माणसे उचलली, त्यात मामा होता. जामीन झाला, पण कागदावरच झाला. कोर्टाला ऐपतदार जामीनदार हवा होता. ऐपतीचा दाखला तहसिलीत मिळतो आणि तो मिळायला सातबारा लागतो. ज्याच्या सात पिढ्यांच्या नावावर पायाखालचीही जमीन नाही त्याच्या भाऊबंदात सातबारा कुठून यावा? गावात ज्यांच्याकडे सातबारा होता त्यांच्याच विहिरीवरची मोटार गेली होती. मामा चौदा महिने आत राहिला आणि २००५ च्या कार्तिकात निर्दोष सुटला.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण आले होते. खालच्या कोर्टाने त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात गरिबाच्या जामिनाची ही सगळी रीतच तपासली आणि जातमुचलक्यावर सोडण्याचा मार्ग मोकळा असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी बिहारमधल्या कच्च्या कैद्यांचे हुसैनारा खातून प्रकरण गाजले. कायद्याच्या पुस्तकात हे दोन्ही निकाल आदराने छापलेले आहेत. मामाच्या जन्माआधीचे नाहीत, पण त्याच्या अटकेच्या वेळी ते पाव शतक जुने होते. तरीही २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तिघे कच्चेच कैदी होते. म्हणजे आपण ज्याला शिक्षेचे घर म्हणतो, ते बव्हंशी शिक्षा न झालेल्यांनी भरलेले आहे.

आता ते आठ दिवस.

मामा आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आम्ही दिवाळीसाठी आजोळी गेलेलो. सुटकेचा कागद कोर्टातून तुरुंगात पोचेपर्यंत वेळ लागतो, आत नोंदी होईपर्यंत आणखी वेळ लागतो. तो बाहेर पडला तेव्हा शेवटची सोयीची गाडी गेलेली होती. ज्या शर्टावर पकडून नेले तोच शर्ट अंगात. शिक्षा झालेल्या कैद्याच्या हातावर निदान आतल्या कामाची मजुरी पडते. कच्च्या कैद्याला सक्तमजुरी नाही, म्हणून मजुरीही नाही. निर्दोष माणूस गुन्हेगारापेक्षा रिकाम्या हाताने बाहेर येतो, ही आपल्या न्यायव्यवस्थेतली गंमत मला त्या वेळी कळली नव्हती. आष्टामोडपासून तो चालत आला होता. वाटेत गावातले दोघे मोटारसायकलवरून गेले, त्यांनी ओळखले, पण थांबले नाहीत.

तो दाराशी आला आणि उभा राहिला. दार उघडेच होते. भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्यांचे ते घर. त्याला धड चौकटही नव्हती. तरी तो आत येईना. माझी आई म्हणाली, "दादा, थांब तसाच." तिला वाटले, ओवाळून घ्यायला थांबलाय. तिने भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या आणला, ओवाळून तुकडा लांब टाकला, त्याच्या पायावर पाणी घातले, आणि मग म्हणाली, "ये आता." तेव्हा तो आत आला. पुढच्या दोन दिवसांत आमच्या ध्यानात आले की तो ओवाळण्यासाठी थांबला नव्हता. कोणी 'चल' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची त्याची सवयच मोडली होती. परसाकडे जायचे तरी तो आजीकडे बघायचा. आजी म्हणायची, "जा की रं, मला काय इचारतूस?"

पाच वाजले की त्याला भूक लागायची, कारण आत त्या वेळेला जेवण उरकून टाळी पडतात. आमच्या घरी चूल पेटायची ती कामावरून बायका आल्यावर. तो चुलीपुढे येऊन बसे, मागत नसे. बसायचाही ठरावीक पद्धतीने, उकिडवा, आणि बाजूला जागा सोडून. मी एकदा त्या जागेवर बसलो तेव्हा तो म्हणाला, "आता जोडी झाली." आत मोजणीला जोडीजोडीने बसवतात. रात्री आजी दिवा मालवायची तेव्हा तो उठून बसायचा. चौदा महिने तो उजेडात झोपला होता. तिसऱ्या रात्री आजीने दिवा मालवणे सोडले. रॉकेल रेशनवर मिळायचे ते किती मिळायचे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या दिव्याची किंमत कळेल.

या गोष्टी मी रडगाणे म्हणून सांगत नाही. दलित आत्मकथनांनी दुःखाची नोंद पुरेशी केली आहे. मला त्या घरात चौथ्या दिवशी ऐकलेल्या एका शब्दाकडे यायचे आहे.

चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यातून एक शिपाई आला. कोणत्या ठाण्यातून ते महत्त्वाचे नाही. तो उद्धटही नव्हता. ओट्यावर बसला, पाणी प्याला नाही, आणि मामाला म्हणाला, "आलास व्हय? बरं झालं. गावातच हाईस न्हवं?" पलीकडच्या गावात काही चोरी झाली होती. एवढेच विचारून तो गेला. आजी भिंतीशी बसली होती. शिपाई वळणावर दिसेनासा झाला तशी ती म्हणाली, "हजेरी घिऊन गेला."

हजेरी. मी तेव्हा दहावीत होतो. माझ्या लेखी हजेरी म्हणजे शाळेचा पट. मास्तर नाव घेतात, आपण 'उपस्थित' म्हणतो. आजी शाळेत कधी गेली नव्हती. तिच्या तोंडी हा शब्द शाळेतून आलेला नव्हता. तो कुठून आला हे समजायला मला पुढे एम.ए. करावे लागले.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आणता आला, आणि १९२४ साली सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा झाला. या कायद्याचे सार असे की, माणसाने गुन्हा करण्याची वाट पाहायची नाही. तो ज्या जातीत जन्मला ती जात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करायची, तिच्या माणसांची नावे नोंदवहीत घालायची, बोटांचे ठसे घ्यायचे, आणि ठरवलेल्या वेळी ठरवलेल्या ठिकाणी हजर राहायला लावायचे. राहण्याचे ठिकाण बदलले तर कळवायचे. गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. दुसरीकडे हिंदू समाजाच्या चौकटीत हे काही परके नव्हते. जन्मावरून माणसाचा धंदा ठरवणारी जातिव्यवस्था इथे होतीच; इंग्रजाने तिच्यावर ठशांची नोंदवही चढवली. साहेबाने जात शोधून काढली नाही, त्याने ती आयती घेतली.

मुंबई इलाख्याच्या काही भागांत मांगांनाही हजेरी लागली. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त हजेरीचा हा जाच कथानकाच्या मुळाशीच आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. लोहारा मात्र इंग्रजी मुलखात नव्हते. नळदुर्ग, तुळजापूर, लोहारा हा सगळा टापू निजामाचा. सोलापूर इंग्रजांचे. मधली सरहद्द म्हणजे काही भिंत नव्हती; सोयरीक, बाजार, तुळजाभवानीची वारी या सरहद्दीवरून रोज इकडची तिकडे होत असे. आजीचे माहेर सोलापूरकडचे. शब्दही सोयरिकीतूनच आला असणार. ज्या राज्यात ती नांदायला आली तिथे निजाम गेला, ज्या राज्यातून ती आली तिथे इंग्रज गेला, कायदाही गेला, आणि ओट्यावर बसलेल्या शिपायाला पाहून म्हातारीच्या तोंडात तोच शब्द आला. तिने तो चुकीचा वापरला, असे मला इतिहासाचा शिक्षक म्हणून म्हणवत नाही.

लोहाऱ्याहून सोलापूरला आमची माणसे दवाखान्याला, बाजाराला, मजुरीला जातच असतात. तिथे 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता आजही लिहिला जातो. रिक्षावाल्याला सांगितले तर तो बरोबर नेऊन सोडतो. किती जणांना त्या दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ ठाऊक असतो? या कायद्याखाली इंग्रजांनी सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी तारेच्या कुंपणांच्या वसाहती उभ्या केल्या. कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटा, टकारी, मांगगारुडी अशा जातींची कुटुंबेच्या कुटुंबे, पोराबाळांसह, त्यांत कोंडली. सोलापूर निवडण्यात हिशेब होता. तिथे कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. माणसे कुंपणातून गिरणीत आणि गिरणीतून कुंपणात जायची, दारावर मोजणी व्हायची. मुंबई इलाख्यात हे काम पाहणारा स्टार्ट नावाचा आय.सी.एस. अधिकारी स्वतःला सुधारक समजत असे, आणि त्याच्या हेतूबद्दल मला फारशी शंका नाही. त्याच्या पद्धतीत पायऱ्या होत्या. वागणूक चांगली राहिली तर कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त, म्हणजे मोकळ्या वसाहतीत, राहू द्यायचे. तिथे तार नाही. पण नाव नोंदवहीत आहेच.

मोकळी वसाहत! हा शब्दप्रयोग मला फार विचार करायला लावतो. पूर्ण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधली ही जी जागा साहेबाने तयार केली, तिचे नाव त्याने मोकळीक ठेवले. माझा मामा चौथ्या दिवशी ओट्यावर त्याच जागेत बसला होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचे कायदे देशभर रद्द झाले. त्याआधी अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या कायद्याची चौकशी करून तो रद्द करण्याची शिफारस केली होती. स्वातंत्र्य १९४७ चे, संविधान १९५० चे, आणि या माणसांची सुटका १९५२ ची. म्हणूनच भटके-विमुक्त ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतात. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हा प्रश्न मांडला होता. या देशात कोट्यवधी माणसे अस्पृश्य, कोट्यवधी आदिवासी आणि दोन कोटींच्या आसपास गुन्हेगार ठरवलेल्या जमाती असाव्यात, आणि तरी त्या संस्कृतीच्या अभिमान्यांना त्याची लाज वाटू नये, हा त्यांचा रोख होता. त्यांनी तिन्ही समूह एका दमात घेतले होते. आपल्या चळवळीने पुढे ते वेगवेगळे पडू दिले, ही आपली चूक आपण कबूल केली पाहिजे. 'उपरा' १९८० साली आणि 'उचल्या' १९८७ साली आले तेव्हा आपल्यापैकी अनेकांना शेजारच्या पालातला माणूस पहिल्यांदा दिसला.

१९५२ च्या सुटकेनंतरचे आठ दिवस कसे गेले असतील? कायदा रद्द करणारा कायदा अगदी छोटा आहे. त्यात जमीन नाही, घर नाही, भांडवल नाही. चार दशके ज्याला परवान्याशिवाय गाव सोडता आले नाही त्याच्यासमोर एका सकाळी सगळा देश मोकळा ठेवला आणि सांगितले, जा. कुठे जा? गावात शेत नाही, गावकुसाच्या आत घर नाही, हातात जो धंदा होता तो रेल्वेने, मोटारीने आणि जंगलाच्या कायद्याने कधीच खाल्लेला. सोलापुरात सांगितले जाते की तारेचे कुंपण खरोखर तोडले गेले ते १९६० साली, पंडित नेहरूंच्या हस्ते. म्हणजे कागदावरची सुटका आणि कुंपणाची सुटका यांत आठ वर्षांचे अंतर लोकांनी आपल्या आठवणीत जपून ठेवले आहे.

आणि कुंपण तोडण्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ साली, मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला होता. त्यात जातीचे नाव नाही. कायदा माणसापुरता बोलतो. शिक्षा किती वेळा झाली ते पाहून नोंद करायची, हजेरी लावायची, हालचालींवर बंधन घालायचे. पण नोंदवही उघडली की पूर्वीचीच पाने पुढे. पूर्वी ज्यांच्यावर नजर होती तेच पूर्वी पकडले गेले, म्हणून त्यांनाच शिक्षा झाल्या, म्हणून तेच सराईत ठरले. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली दिलेल्या अहवालातही हा डाग पुसला न गेल्याचेच चित्र आहे. या कायद्यांवर २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेसुद्धा बोट ठेवले होते. अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकार स्त्रीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमपुस्तकांतली जातीवर आधारलेली कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली. झाडू कोणी मारायचा, स्वयंपाक कोणी करायचा, हे आत जातीवरून ठरत होते. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला न्यायालयाने सांगितले, आणि विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मावरून सराईत धरण्याची रीतही चुकीची ठरवली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले. मामाला हा निकाल कळला असता तर तो काय म्हणाला असता, मला ठाऊक आहे. त्याने आत चौदा महिने काय काम केले ते तो कधी बोलला नाही. पण घरी आल्यावर त्याने खराट्याला हात लावला नाही.

सुटलेला कैदी गावात येतो तेव्हा गाव त्याला नेहमीच असा ओट्यावर बसवून ठेवते असे नाही. याच टापूत एकदा तुरुंगातून सुटून येणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. निजामाविरुद्ध १९३८ चा सत्याग्रह झाला, पुढे १९४७-४८ चा मुक्तिसंग्राम झाला. पोलीस कारवाईनंतर स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगाबाहेर आले तेव्हा मराठवाड्यात गावोगाव आनंद झाला, तो योग्यच होता. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. त्यात तुरुंगाचा दाखला हा हक्काचा पुरावा ठरला. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ साली मानधन सुरू केले, मध्ये ते बंद झाले आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाले. आता याच्या शेजारी १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह ठेवून पाहा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर माणसे तुरुंगात गेली. चळवळीच्या नोंदीप्रमाणे ती संख्या तीन लाखांच्या वर होती. बायका तान्ही मुले घेऊन गेल्या. मागणी पडीक जमिनीची होती. १९६५ च्या फेब्रुवारीत सत्याग्रह थांबला, माणसे सुटली. तो काळ ज्वारीच्या काढणीचा. मराठवाड्यातल्या मजुराचे वर्षाचे दाणे त्याच दिवसांत होतात. ज्या मालकाच्या गावाला लागून असलेले गायरान मागण्यासाठी तो तुरुंगात गेला होता, त्याच मालकाच्या शेतावर कापणीचे काम मागायला त्याला जायचे होते. तुरुंग एकच, दाखला एकच. एकाला त्याने मानधन दिले, दुसऱ्याची मजुरी बुडवली. तुरुंगातून कोण सुटला यावर सुटकेची किंमत ठरते.

मामाच्या बाबतीत गाव काही वाईट बोलले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अत्याचार म्हटला की आपल्याला जाळपोळ आठवते, आणि तेवढे न घडले की आपण म्हणतो काही झाले नाही. पाचव्या दिवशी तो जुन्या मालकाकडे गेला. मालकाने चहा दिला, बशीत नव्हे, कपात दिला. म्हणाला, "आता गडी बघितला रं. दिवाळी झाल्यावर बघू." सहाव्या दिवशी दुसऱ्याकडे गेला, तो म्हणाला, "तुझ्यावर माझा काय संशय न्हाई, पण विहिरीवर मोटार हाय." हे वाक्य मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिले आहे. पहिल्या अर्ध्यात कोर्टाचा निकाल आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात गावाचा.

या काळात मी एक काम करत होतो. घरात वाचता येणारा मीच. निकालाची प्रत मामाने शर्टाच्या आत ठेवून आणली होती. घामाने तिच्या घड्या मऊ झाल्या होत्या. तो मला ती रोज वाचायला लावायचा. सगळी नाही, शेवटचे पान. 'आरोपीविरुद्ध गुन्हा शाबीत होत नाही' या अर्थाच्या ओळी आल्या की तो म्हणायचा, "परत." मी परत वाचायचो. सातव्या दिवशी तो म्हणाला, "ह्यात मी केलं न्हाई असं कुठं लिव्हलंय?" मी शोधले. तसे लिहिलेले नव्हते. शाबीत झाले नाही एवढेच होते. दहावीतल्या पोराला मी त्या वेळी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "दोन्ही एकच हाय, मामा." त्याने माझ्याकडे पाहिले आणि प्रत घडी घालून ठेवली. दोन्ही एकच नाही हे त्याला माझ्याआधी कळले होते.

सुटलेल्या माणसाची काळजी घ्यावी असे कोणी म्हटले नाही असेही नाही. १९१९-२० च्या तुरुंग समितीने सांगितले होते की तुरुंगाचा उद्देश माणूस सुधारणे हा असावा आणि सुटल्यानंतर त्याला मदत करणाऱ्या संस्था असाव्यात. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८३ साली तेच पुन्हा, जास्त तपशिलाने सांगितले. पण या सगळ्या विचारात डोळ्यांपुढे आहे तो शिक्षा भोगून आलेला गुन्हेगार. त्याला शिवणयंत्र द्या, बीजभांडवल द्या. जो गुन्हेगार ठरलाच नाही, त्याचे चौदा महिने कोणत्या सदरात घालायचे? तो पुनर्वसनाला पात्र नाही, कारण तो निर्दोष आहे. कामाला पात्र नाही, कारण तो तुरुंगातून आला आहे. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कैद्यांसाठी केंद्राने २०२३ साली मदतीची योजना काढली, ती चांगलीच आहे. पण ती दाराच्या आतल्या माणसासाठी आहे. दाराबाहेरच्या रस्त्यासाठी काही नाही.

आठव्या दिवशी मुकादम आला. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर होता. मामी त्या चौदा महिन्यांत एक हंगाम अर्ध्या कोयत्यावर करून आली होती, म्हणजे नवऱ्याशिवाय एकटीच, निम्म्या उचलीवर. आता पुरा कोयता झाला होता. मुकादमाने मामाच्या हातात उचल ठेवली. त्याने संशयाचे बोलणे काढले नाही, कागद मागितला नाही, तुरुंगाचा विषयही काढला नाही. माणूस आणि कोयता एवढेच त्याला हवे होते. उचलीतले निम्म्याहून अधिक पैसे वकिलाच्या राहिलेल्या फीत आणि आजीने काढलेल्या व्याजाच्या पैशांत त्याच दिवशी गेले. बाकीचे फेडायला पुढचे सहा महिने फडात राबायचे, आणि उचल फिटेपर्यंत टोळी सोडून जायचे नाही, हे कोणी बोलून दाखवले नाही. ते सगळ्यांना माहीत होते. तरीही त्या रात्री तो दिवा मालवून झोपला, हे मी पाहिले आहे.

नवव्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर आला. मामीने भांडी, पाल, पेटी चढवली. मामा ट्रॉलीवर चढला, मग परत उतरला आणि घरात आला. निकालाची प्रत विसरली होती. आजी म्हणाली, "ऊस तोडाया त्याचं काय काम?" तो म्हणाला, "वाटंत कुणी इचारलं तर." मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळीने बांधून दिली. पुढे प्रत्येक हंगामाला ती त्याच्या पेटीत कपड्यांखाली असायची. तो गेल्यानंतर मामीने ती मला आणून दिली, मी शिकलेला म्हणून. सुतळी तीच आहे.